पाण्यातला अबोला

बूचबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. लाँड्रीत सगळे काकू म्हणत, घरी नवरा 'अगं' म्हणे, नणंद 'वहिनी' म्हणे, आणि समुद्रावरच्या मंडळींनी तिचं बूच करून टाकलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. पाण्याखाली जायला शिकत होती त्या पहिल्या उन्हाळ्यात तिला काही केल्या खाली जाताच येईना. डोकं पाण्यात घालायची, कंबरेत वाकायची, पाय वर उडवायची आणि मग तशीच, पाय आभाळाकडे करून, बदकासारखी डुलत राहायची. खडकावर बसलेले लोक पोट धरून हसायचे. "बाटलीचं बूच आहे हे, दाबलं तरी वरच येणार," असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे ती तिथल्या बऱ्याच तरण्याताठ्यांपेक्षा शांतपणे तळाला जाऊन यायला लागली, पण नाव काही सुटलं नाही. तिचीही तक्रार नव्हती. त्या नावाला इस्त्रीचा वास नव्हता.

ती एका मोठ्या लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर होती. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे पांढरे कोट, दवाखान्यांचे डगले असं सगळं तिच्या हाताखालून जाई. पायाने पट्टी दाबायची, वरचं झाकण खाली येतं, फुस्स करून वाफ तोंडावर येते, झाकण उचलायचं, कोटाची बाही फिरवायची, पुन्हा पट्टी. कॉलरला टाचलेला कापडी नंबर दुसऱ्या कोटाच्या कॉलरवर गेला तर दोन हॉटेलांची भांडणं निस्तरावी लागत, म्हणून बोलायचं नाही असा मुकादमाचा दंडक होता. तसंही त्या भोंग्यांच्या आणि पंख्यांच्या आवाजात बोलून कुणाला ऐकू जाणार होतं. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडा वेळ गार पाण्यात उभ्या राहत चला. त्यांना बादली म्हणायची होती. बूचबाई समुद्रावर गेली.

गावाच्या टोकाला खडकांनी तीन बाजूंनी वेढलेलं एक छोटं आखात होतं. काठाशी पाणी गुडघाभर, मध्ये माणूसभर, आणि तोंडाजवळ, जिथून समुद्र आत येई, तिथे दुमजली घर बुडेल इतकं. लाटा बाहेरच्या खडकांवरच फुटत, त्यामुळे आतलं पाणी काचेसारखं असे. काठावर पत्र्याची एक टपरी होती. तिथे मास्क, नळ्या आणि पायात घालायचे रबरी पंख भाड्याने मिळत. टपरी चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. गोदीत पाण्याखाली वेल्डिंग करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि आता तो साबणाच्या पाण्याच्या टबात नळ्या बुचकळत आणि खिळ्यांवर पंखांच्या जोड्या टांगत बसे.

"बाई, पाय भिजवताय तर डोळेही भिजवून घ्या," असं म्हणत एक दिवस त्याने तिच्या हातात मास्क आणि नळी ठेवली.

तिने गुडघाभर पाण्यात वाकून तोंड बुडवलं. स्वतःच्याच पायांच्या बोटांपाशी पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे वाळू टिपत होते आणि तिच्या शिरांकडे त्यांचं मुळीच लक्ष नव्हतं. कान पाण्याखाली गेले तसे सगळे आवाज बंद झाले. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. शेवटी मामाने येऊन पाठीवर थाप मारली, कारण नळीतून श्वास घ्यायचा असतो हे सांगायचं राहून गेलं होतं आणि बाई नुसतीच दम धरून होती.

अशी ती या नादाला लागली. आधी नळी लावून वरवर तरंगणं, मग एका श्वासात खाली जाऊन येणं. नाक चिमटीत धरून कान मोकळे करायला ती शिकली, आणि कंबरेला शिशाचा पट्टा बांधल्यावर बुचाचं बूचपण थोडं कमी झालं.

पण मामाचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. एकट्याने खाली जायचं नाही. जोडी हवी. एक खाली असताना दुसऱ्याने वरून, तोंड पाण्यात घालून, त्याच्यावर नजर ठेवायची. खालचा वर आला की त्याने आधी श्वास घ्यायचा, मास्क काढायचा, वरच्याच्या डोळ्यात बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "ठीक आहे." हे शब्द कानावर पडल्याशिवाय वरच्याने नजर हलवायची नाही.

"खाली कुणी बुडत नाही," मामा सांगे. "बुडतात ते वर आल्यावर. आलो बाबा एकदाचा म्हणतात, आणि तिथेच दिवा जातो."

जोडी कुठून आणायची? नवऱ्याचा प्रश्नच नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करी, आणि जमिनीवर दोन्ही पाय असताना त्याला जे सुख वाटे ते त्याला पाण्यात घालवायचं नव्हतं. तेव्हा बूचबाईने नणंदेला गळ घातली. नणंद त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि शाळेत कवायत शिकवायची. गळ्यात शिट्टी असे, पण तिच्या आवाजापुढे शिट्टीची गरज नव्हती. पोहणं तिला लहानपणापासून येत होतं. ती पहिल्याच दिवशी सरळ तळाला गेली आणि वर येऊन म्हणाली, "वहिनी, एवढ्यासाठी तू चार महिने पाय वर करून बसली होतीस होय?"

दोघींची जोडी जमली. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघायच्या आणि ऊन चढेपर्यंत पाण्यात असायच्या. खाली जाऊन आल्यावर पुन्हा जाण्याआधी वर भरपूर विश्रांती घ्यायची असते, कारण अंगातली हवा सावकाश भरून निघते. बाकीचे लोक मनगटावरच्या घड्याळात बघत. या दोघींनी घड्याळ कधी बांधलं नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी फुग्याला दोन बाजूंनी धरून त्या गप्पा मारीत. मुख्याध्यापिकेने खुर्ची कशी बदलून घेतली, खालच्या मजल्यावरच्यांनी पाण्याची टाकी कशी रिकामी केली, मुकादमाच्या केसांच्या टोपाला प्रेसची वाफ लागून तो कसा वर उचलला गेला. एक प्रकरण अथपासून इतिपर्यंत संपलं की दुसरीने खाली जायचं. मामाला हे ठाऊक होतं. तो नव्या पोरांना सांगे, "घड्याळ नसेल तर त्या दोघींसारखी एकेकाची बिनपाण्याने करा. घाई होत नाही."

मग दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर भांडण झालं.

बूचबाईने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं की आम्ही नळी लावून मासे बघतो. खोटं नव्हतं. उरलेलं तिने सांगितलं नव्हतं, कारण तो काळजीने वाळणारा माणूस होता. एके दिवशी तिघं चहा पीत बसली असताना नणंद कौतुकाने बोलून गेली, "दादा, तुझी बायको काल पार तोंडाजवळच्या खडकाखाली जाऊन आली. एका दमात. मीसुद्धा इतका वेळ राहत नाही."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "एका दमात म्हणजे?"

"म्हणजे दम धरून. नळी काय खालपर्यंत पुरते?"

"कमरेला दोर असतो का?"

"दोर कशाला?"

"आमच्या लिफ्टला सहा दोर असतात," तो बायकोकडे बघत म्हणाला. "सहाही तुटले तर ब्रेक असतो. तुझ्याकडे काय आहे?"

"वन्सं असतात ना वर," बूचबाई म्हणाली.

त्याने बहिणीकडे पाहिलं. "हिला गॅसवर ठेवलेलं दूध लक्षात राहत नाही."

तो भांडला नाही, जाऊ नको असंही म्हणाला नाही. पण त्यानंतर ती निघाली की तो खिडकीत जाऊन उभा राही आणि परत येईपर्यंत तिथेच असे. ती आली की "आलीस" म्हणे आणि मग जेवायला बसे. तिच्या सुट्टीची मजा तिथेच संपली. पाण्याखाली गेली तरी तिला खिडकीतला तो माणूस दिसे, आणि खाली मन जड झालं की दम पुरत नाही.

ती जिना चढून वर गेली आणि नणंदेला म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"यात लपवण्यासारखं काय होतं? तू काय चोरी करतेस?"

"मला सांगायचं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं."

"अगं, मी तुझं कौतुक करत होते."

"ते मनातल्या मनात करायचं."

"बरं. यापुढे मी तोंडच उघडत नाही." कवायतीच्या बाईंनी दार लावून घेतलं, आणि शब्द पाळला.

अबोला घरात पाळणं सोपं असतं. एक मजला मध्ये असतो. पाण्यात अवघड होतं. सोडूनही देता येईना, कारण बाकीच्या सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. बूचबाईला नणंदेशिवाय आणि नणंदेला तिच्याशिवाय खाली जाता येत नव्हतं. तेव्हा सुट्टीच्या सकाळी एक पुढे आणि एक मागे, ओळख नसल्यासारख्या चालत दोघी आखातावर पोचत.

"आज समुद्र फारच शांत आहे, की तुम्ही?" मामाने मास्क देताना विचारलं. दोघी आपापला मास्क घेऊन दोन वाटांनी पाण्यात उतरल्या.

वर आल्यावर नणंद आता बोटांची गोल खूण तेवढी करी. बूचबाई मान हलवी. "ठीक आहे" हे शब्द दोघींच्याही तोंडातून येईनासे झाले, कारण एकीने म्हटलं असतं तर माघार तिची ठरली असती. आणि फुगा धरून समोरासमोर गप्प राहणं दोघींच्याही जिवावर येई. नजरेला नजर भिडायची, मग कुठेतरी क्षितिजाकडे बघायचं. त्यापेक्षा खाली गेलेलं बरं. त्यामुळे एक वर आली की दुसरी लगेच डोकं खाली घाली, आणि ती आली की पहिली. विश्रांती आटत गेली, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. उलट बूचबाईला वाटलं की आपण पूर्वीपेक्षा जास्त वेळा खाली जातो आहोत, म्हणजे सुधारणाच आहे.

अशाच एका सकाळी तोंडाजवळच्या खडकाच्या फटीत एक अष्टपाद बसलेला होता. आठ पायांचा तो प्राणी दगडाच्या रंगाचा होऊन एका डोळ्याने बाहेर बघत होता. बूचबाईला तो आधी दिसला. एरवी तिने वर येऊन आरडाओरडा केला असता. तिने फक्त हाताने त्या बाजूला दाखवलं. नणंदेने फुगा सोडला, घाईघाईने पाच-सहा मोठे श्वास ओढले आणि गेली. असे श्वास ओढायचे नाहीत, हे मामाने दोघींना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याने हवा वाढत नाही, फक्त संपत आल्याची जाणीव निघून जाते. बूचबाईच्या जिभेवर आलं होतं की अहो, हळू. पण बोलायचं नव्हतं.

तिने तोंड पाण्यात घातलं आणि बघत राहिली. नणंद फटीसमोर आडवी झाली होती. अष्टपादाने एक पाय हळूच बाहेर काढला, तिने एक बोट पुढे केलं. फार वेळ झाला असं बूचबाईला वाटलं, पण नणंदेला दम चांगला होता आणि हट्ट त्याहून चांगला. मग ती निघाली, पंख सावकाश मारत वर आली आणि बूचबाईकडे पाठ करूनच तिने डोकं पाण्याबाहेर काढलं.

तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणजे, बूचबाई मनात म्हणाली, आणि आपली पाळी आली म्हणून मास्क सारखा करायला वळली.

वळता वळता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर आल्यावर नणंद एक भला मोठा श्वास ओढायची, वाफेच्या प्रेससारखा. तो ऐकू आला नव्हता. तिने मागे पाहिलं. नणंदेची मान हलत होती, बारीक बारीक, कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी हो हो करत. बूचबाईला क्षणभर वाटलं की ही आपली थट्टा चालवली आहे. मग ती मान तशीच हलत हलत पुढे झुकली आणि तोंड पाण्यात गेलं.

त्यानंतर तिने जे केलं ते हातांनीच केलं, डोक्याचा त्यात भाग नव्हता. एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे, तोंड पाण्याबाहेर. पट्ट्याचं बक्कल ओढलं, शिसं खाली गेलं. मास्क उपटून काढला. नणंदेचे ओठ जांभळे होते आणि डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. तिने त्या गालांवर फुंकर मारली, चापटी मारली आणि लाँड्रीत भोंग्यावर ओरडावं तसं ओरडली, "वन्सं, श्वास घ्या. ऐकता का, वन्सं. श्वास घ्या."

नणंदेच्या घशातून करकर आवाज झाला. मग आणखी एक, आणि मग तो मोठा श्वास आला. रंग परत यायला लागला. डोळे बूचबाईवर स्थिरावले.

"ओरडतेस काय," नणंद पुटपुटली. "ऐकू येतंय मला."

मामा आणि आणखी दोघं पोहत पोचले होते. त्यांनी तिला खडकावर आणून कुशीवर झोपवलं, अंगावर चादरी घातल्या. काय घडलं ते मामाने बूचबाईकडून दोनदा विचारून घेतलं. श्वास ओढल्याचं, पाठ केल्याचं, शब्द म्हणायचं सोडल्याचं सगळं तिने सांगितलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दवाखान्यात जाऊन छाती तपासून घ्या. आणि या बाईंचं खाली जाणं बंद. हा उन्हाळा पूर्ण."

छातीत पाणी गेलेलं नव्हतं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात नणंद खिडकीकडे बघत होती.

"दादाला सांगणार आहेस?"

बूचबाईने विचार केला. सांगायचा तिचा हक्क होता, आणि आता फेड करायला याहून चांगली संधी मिळाली नसती. पण तिला त्याची चवच लागेना.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

नवरा खिडकीतच होता. दोघींना रिक्षातून उतरताना पाहून तो जिन्यापर्यंत आला. बहिणीच्या दंडावर दवाखान्याची पट्टी होती. नणंद चप्पल काढता काढता म्हणाली, "दादा, मी आज पाण्यात बेशुद्ध पडले. हिने तोंड वर धरलं म्हणून आले."

तो पायरीवर बसला. मग त्याने, लिफ्ट मध्येच अडकल्यावर विचारतो तसं, विचारलं, "बिघडलं काय होतं?"

आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या. यांनी भसाभस श्वास ओढले, ही वळली, हिने आधी 'ठीक आहे' म्हणणं सोडलं, नाही तुम्ही आधी पाठ केलीत, विश्रांती कुणी कमी केली. तो एकीकडून दुसरीकडे मान वळवत ऐकत राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्ही दोघी किती दिवस बोलत नव्हता?"

नणंद चप्पल जागेवर लावायला वाकली.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमच्यामुळेच झालं सगळं," बूचबाई म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तो उठला आणि आत जाऊन त्याने तिघांचा भात टाकला. पुढे दोघी पुन्हा पाण्याकडे निघाल्या तेव्हाही तो खिडकीत उभा राहिलाच. त्यात बदल झाला नाही आणि होईल असं बूचबाईलाही वाटत नव्हतं.

महिन्याभराने दोघी पुन्हा आखातावर गेल्या. मामाने बूचबाईला बाजूला घेतलं. दाताच्या डॉक्टरांकडचा एक मदतनीस होता, त्याच्या जोडीदाराचा खांदा निखळला होता आणि तो जोडी शोधत होता. चांगला होता, घड्याळ लावून विश्रांती घेई, कधी नियम मोडला नव्हता.

"तुमचा उन्हाळा फुकट कशाला घालवता?" मामा म्हणाला. "त्याच्याबरोबर जा. वन्सं वरवर नळी लावून फिरतील."

बूचबाईने त्या माणसाकडे पाहिलं. तो खडकावर बसून मनगटावरचं घड्याळ पुसत होता. तोंडाजवळचं पाणी अगदी स्वच्छ होतं आणि खालपर्यंत खडक दिसत होते.

"जा ना," नणंद पंख चढवत म्हणाली. "मी काय मरत नाही गुडघाभर पाण्यात."

"तुमचा भरवसा नाही."

"मग काय, बसणार आहेस इथे माझ्यावर पहारा करत?"

"तो माणूस फार कमी बोलतो हो," बूचबाई मामाला म्हणाली. "मला जमायचं नाही."

मामाने तिच्यासाठी काढलेला शिशाचा पट्टा परत खिळ्यावर टांगला. दोघी काठाकाठाने पाण्यात उतरल्या. नणंदेने वाटेत मुख्याध्यापिकेचं नवं प्रकरण सुरू केलं, आणि ते पाणी छातीला लागलं तरी संपलं नव्हतं.

"नळी तोंडात घाला आता," बूचबाई म्हणाली.

"घालते गं. आधी ऐक तर."